बर्फ झाडणाऱ्या माता

लेकीचा, साराचा डबा घरी राहिला, तो द्यायला मी बर्फाच्या रिंकवर गेले आणि आत शिरताच भिंतीवर मला मीच दिसले. हातभर लांबीचा काळापांढरा फोटो, काचेत बसवलेला, वरून दिवा सोडलेला. नऊ बायका ओळीने उभ्या, मागे शाळेची इमारत, पायांखाली बर्फ, आणि डावीकडून शेवटची मी. एकतीस वर्षांची. डोक्याला लोकरीची टोपी, तोंडातून वाफ निघतेय, आणि दोन्ही पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत जाडजूड फेल्ट गुंडाळलेलं. आधी मला हसूच आलं. काय अवतार होता! मग खालची ओळ वाचली. ‘मुलांच्या सरावाआधी बर्फ झाडणाऱ्या माता. शोवा ४८.’ शोवा ४८ म्हणजे १९७३. ओळ मी पुन्हा वाचली, कारण इतकी वर्षं इथे काढूनही माझं जपानी वाचन कधी कधी दगा देतं. या वेळी दिला नव्हता. आम्हा नऊजणींच्या हातात नऊ हॉकीस्टिक होत्या, त्या कुणीतरी झाडू ठरवून टाकल्या होत्या. हातातला डबा मी तिथल्या बाकावर आपटला. तिकीटखिडकीतल्या मुलीने दचकून वर पाहिलं, आणि सवयीने मान लववून तिनेच माझी माफी मागितली.

कुणीतरी काय म्हणायचं, कुणी ते मला पक्कं माहीत होतं. ‘किताहामा शहराचा आइस हॉकीचा इतिहास’ या प्रदर्शनाचे सचिव माझे यजमान, रवींद्र. या गावात त्यांना सगळे रवी-सान म्हणतात आणि मला रवी-सानची ओकुसान, म्हणजे रवी-सानची बायको. अख्खा हिवाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर या इतिहासाने ठाण मांडलं होतं. मी पोळ्यांचा डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता, आणि हे भिंग घेऊन कुठल्या तरी जुन्या सेंटर फॉरवर्डच्या मिशा तपासत बसलेले. हा फोटो मात्र त्यांनी मला दाखवला नव्हता. काढलाही त्यांनीच होता, आणि माझ्या पायांचं ते फेल्टही त्यांनीच आणलेलं, ते नोकरीला होते त्या कागद गिरणीतून. कागदाच्या मशीनवर ओला कागद वाहून नेणारा जो लांबच लांब लोकरी पट्टा असतो तो झिजला की बदलतात. तसला झिजलेला पट्टा कापून, खाली गुडघ्यावर बसून त्यांनी माझ्या पायांना दोरीने बांधला होता. “सरू, घट्ट होतोय का?” असं विचारत बांधला होता. बर्फ झाडायला कुणी पायाला पट्टा बांधत नाही. हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

भिंतीवरचा बाकीचा इतिहास मी मुद्दाम पाहिला, राग नीट मुरावा म्हणून. पहिल्या फोटोत कागद गिरणीचं लाकडं भिजवायचं तळं, गोठलेलं, आणि त्यावर कोट घालून घसरणारे कामगार. मग युद्ध, मग रिकामं तळं. मग कंपनीचा संघ, निळे स्वेटर, चषक, पुन्हा चषक, कॅनडाहून आलेला प्रशिक्षक, स्टेशनपासून गिरणीपर्यंत निघालेली मिरवणूक. मिरवणुकीतही बायका होत्या, कागदी झेंडे हलवणाऱ्या. शेवटी यंदाचा काळ्या चौकटीतला मजकूर, की मंदीमुळे कंपनी आपला संघ विसर्जित करत आहे. त्या चौकटीसमोर दोन म्हातारे उभे राहून खुशाल रडत होते. या गावात पुरुष आईच्या अंत्यविधीला रडत नाहीत, हॉकीसाठी रडतात. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. यांच्या निळ्या स्वेटरांसाठी भिंतीच्या भिंती आणि आम्हाला एक ओळ, तीही खोटी, असंच डोक्यात घणघणत राहिलं.

आम्ही बर्फ झाडलं नव्हतं असं नाही. झाडलं, आणि त्याआधी तयारही केलं. इथे शाळेच्या मैदानावर दर जानेवारीत पालक मिळून रिंक बनवतात. पडलेलं बर्फ आधी तुडवून तुडवून सपाट करायचं, मग त्यावर नळीने पाणी फवारायचं, थोडंसंच, ते गोठेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थोडं. घाई करून भसाभस ओतलं तर वर पापुद्रा धरतो आणि आत पोकळ राहतं, मग पोराचा पाय आत जातो. पाण्याची पाळी लावलेली असायची. कागदावर ती वडलांची, पण वडील गिरणीच्या पाळीत, म्हणून पहाटे नळी धरून आम्ही. बल्लारपूरच्या उन्हात वाढलेली मी, मला थंडी म्हणजे संक्रांतीचा गारठा एवढंच माहीत. पहिल्या वर्षी माझा हातमोजा नळीलाच चिकटला. तोशिए नावाच्या बाईने थर्मासमधला गरम चहा त्यावर ओतून हात सोडवला आणि इतकी हसली की मला तिचा रागच आला. दुसऱ्या वर्षी ती माझी या देशातली पहिली मैत्रीण होती. मुलं सकाळी सराव करून वर्गात गेली की ते एवढं मेहनतीचं बर्फ दुपारपर्यंत रिकामं पडायचं. आमचा आदित तेव्हा सात वर्षांचा. त्याची स्टिक मी धरून उभी होते, तोशिएने तिच्या मुलाची उचलली आणि पक, हॉकीची ती रबरी चकती, माझ्या पायाशी ढकलला. एवढ्यावरून सुरू झालं. मला धड स्केटिंग येत नव्हतं म्हणून त्यांनी मला गोलमध्ये उभं केलं, आणि तिथे मात्र माझं अंग आपोआप हलायला लागलं. मी चांदा जिल्ह्यात आट्यापाट्या खेळलेली मुलगी. पाटीवर उभं राहून, हात पसरून, समोरच्याच्या डोळ्यांवरून तो कुठल्या बाजूने सुटणार ते ओळखायचं, हेच तर सगळं बालपण. खाली लाल मातीऐवजी बर्फ होतं, इतकाच फरक. लग्नानंतर माझ्या अंगाला आपण कोण ते पहिल्यांदा आठवलं ते त्या बर्फावर, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला भाषा कुठली वापरायची हेच कळत नव्हतं.

बारा हिवाळे खेळलो. शेजारच्या बंदरगावच्या बायकांशी सामने केले, पहिला सडकून हरलो, पुढच्या वर्षी बरोबरीत सोडवला. मग शहराने हे बंदिस्त रिंक बांधलं, शाळांची बर्फं थांबली, आणि आत खेळायचं तर महासंघाकडे नोंदलेला संघच हवा असा नियम आला. आमची नोंद नव्हती. कुणी करायची? गेलो घरी. आणि आता तेरा वर्षांनी सारा. आमची धाकटी. शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी नागानोच्या ऑलिंपिकात बायकांची हॉकी टीव्हीवर दिसली, जपानच्या मुली सगळे सामने हरल्या, तरी ते पाहून गावातल्या पंधरावीस मुली साराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा संघ तिने बांधला, रीतसर नोंदवला. रिंकवरचे तास दर वसंतात वाटले जातात, आणि ते वाटायची इथली रीत एकच, ज्येष्ठता. ज्या संघाची स्थापना आधी, तो आधी निवडणार. कंपनीचा संघ गेल्यामुळे यंदा रविवारची सकाळ मोकळी झाली होती. पण साराचा संघ स्थापनेने सगळ्यात धाकटा, हेइसेई १०, म्हणजे १९९८. उरतील ते पहाटे पाचचे तास, तेही शाळेच्या दिवशी. मुलींच्या आयांनी साराला स्पष्ट सांगितलं होतं की रविवार मिळाला नाही तर मुली काढून घेऊ. म्हणजे संघ बंद. आणि त्याच इमारतीत, त्याच दारात, भिंतीवर टांगलेला पुरावा की गावात बायकांची हॉकी शोवा ४८ पासून आहे, म्हणजे ज्येष्ठतेत तिसरी. फक्त त्याखाली माझ्या नवऱ्याने झाडू लिहून ठेवला होता.

घरी आले तर हे शांतपणे कचरा वेगळा करत बसलेले. बाटल्यांची झाकणं एका पिशवीत, बाटल्या दुसऱ्या पिशवीत. आमच्या आळीत सगळ्यात नीट कचरा परदेशी माणसाचा असावा, हा त्यांचा कटाक्ष.

“त्या फोटोखाली काय लिहिलंय तुम्ही?” मी कोटही न काढता विचारलं.

“कुठल्या?”

“अहो, उगाच वेड पांघरू नका. नऊ बायकांच्या.”

त्यांनी हातातलं झाकण नीट पिशवीत टाकलं. “अगं, तो फोटो घेतला हेच विशेष समज. कमिटीत चार लोक म्हणत होते, कशाला म्हणून. मी इन्सिस्ट केलं.”

“आणि झाडणाऱ्या माता हे कमिटीने सांगितलं?”

“नाही,” ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. “ते मीच लिहिलं. सरू, जरा विचार कर. इतिहास मी लिहिणार, आणि त्यात स्वतःच्याच बायकोला गोलकीपर म्हणून मिरवणार? शोभतं का ते? हामानो-सान इथल्या हॉकी मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांची बायको नाही का त्या फोटोत? त्यांनी काढला एक शब्द? इथे माणूस आपल्या घरच्यांचं असं पुढे करत नाही. आणि आपल्याकडे तरी कुठे करतात?”

 मला वाटलं होतं, घाबरले असतील, दबाव आला असेल, परदेशी माणूस, पोटासाठी मान हलवली असेल. तसं असतं तर मी रागावून, रडून, शेवटी वरणभात वाढला असता. पण यांनी हे विनयाने केलं होतं. सभ्यपणा म्हणून. पुण्यातल्या कॉलेजात शिकलेला सभ्यपणा आणि इथे येऊन पक्का केलेला सभ्यपणा, दोन्ही एकत्र करून यांनी मला पुसलं, आणि माझ्याबरोबर आठ बायका फुकट गेल्या. आणि हामानो-सानने तेच केलं. आणि बाकीच्या सातजणींच्या नवऱ्यांनी तेच केलं. गावातल्या कुठल्याही पुरुषाला विचारलं असतं तर त्याने मान खाली घालून म्हटलं असतं, छे छे, आमची कसली खेळते, नुसती धडपडायची. प्रत्येकाने आपापली एक बायको नम्रपणे खोडली आणि अख्खा संघ नाहीसा झाला. कुणाचंही काही चुकलं नाही! अशा वेळी माणसाने चिडायचं तरी कुणावर? मी भांडी चिडून घासली, तांदूळ चिडून धुतला.

“साराचा संघ बंद पडेल,” मी म्हटलं. “तुमच्या त्या ओळीमुळे. कळतंय का?”

“तासवाटपाच्या मीटिंगमध्ये बघू,” ते म्हणाले. “मी योग्य शब्दांत सांगेन. तू मध्ये काही बोलू नकोस, प्लीज.”

सारा संध्याकाळी आली. तिला सांगितलं तर ती जपानीत म्हणाली, “आई, शिकाता नाई.” म्हणजे इलाज नाही. हे दोन शब्द या देशात कुणी पहिल्यांदा उच्चारले असतील त्या माणसाचा पत्ता मला हवा आहे. सत्तावीस वर्षांची मुलगी, खांदे चांगले पुरुषी रुंद, रागाने पकला स्टिक मारते तेव्हा रिंकच्या कडेच्या फळ्या हादरतात, आणि घरात आली की इलाज नाही. तिला मी मराठी शिकवलं, तिखट खायला शिकवलं, भांडायला मात्र शिकवायचं राहिलं. तिने डोळे पुसले ते मी पाहिलं. तिला वाटलं मी पाहिलं नाही.

बैठक रिंकच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलं चौकोनात मांडलेली, एकेका संघाचा एकेक प्रतिनिधी, अठरा पुरुष आणि सारा. फळ्यावर संघांच्या नावांच्या पट्ट्या ज्येष्ठतेने लावलेल्या, साराची अगदी तळाशी. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर पालक, त्यांत मी. चहा द्यायला गावातल्या हॉकीवाल्या जुन्या बायका, आणि त्यांत मोठी किटली धरलेली तोशिए, अध्यक्ष हामानो-सानची ओकुसान. गुडघे गेलेत तिचे, चालताना डावीकडे झुकते. तिने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, जुन्या सवयीने. मी नुसती मान हलवली.

यजमान उभे राहिले. अतिशय सुंदर जपानीत त्यांनी आधी आपली माफी मागितली, की सचिव म्हणून प्रदर्शनातल्या एका ओळीत त्यांच्याकडून अपुरेपणा राहिला. फोटोतल्या माता बर्फ झाडत असत हे खरंच, पण अधूनमधून खेळतही असत. मग त्यांनी फोटोची प्रत हातात घेऊन ओळख करून दिली. डावीकडून पहिल्या, लगदा विभागाच्या ओनो-सानच्या ओकुसान. दुसऱ्या, बॉयलरवरच्या किमुरा-सानच्या ओकुसान. तिसऱ्या, माननीय अध्यक्षांच्या ओकुसान. सगळे हलकेच हसले, हामानो-सानने हात हलवून छे छे केलं. अशी आठ झाली. “आणि शेवटी आमचीच,” यजमान म्हणाले आणि मान लववली. पुन्हा हसू. त्यांनी मला हसत हसत नजरेने खूण केली, बघ, सांगितलं की नाही. आणि तेव्हा लक्षात आलं, या माणसाला त्या आठांपैकी एकीचंही नाव माहीत नाही. बारा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांची मुलं आमच्या घरात लोळली, आणि नाव एकीचं नाही.

हामानो-सानने समोरचे कागद सरळ केले. मग फार मवाळपणे म्हणाले की रवी-सानच्या प्रामाणिकपणाबद्दल सगळे आभारी आहेत. फोटोत सगळ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या पत्नी दिसतात, तेव्हा हा कंपनीच्या कुटुंबीयांचा विरंगुळा होता असं म्हणणं योग्य ठरेल, आणि त्याची नोंद कंपनीच्या संघाच्या इतिहासात सन्मानाने घेता येईल. कंपनीचा संघ तर आता राहिला नाही. तेव्हा तासांची ज्येष्ठता आहे तशीच. कुणाची हरकत नसावी. कुणाचीच नव्हती. असल्या बैठकीत हरकत नसतेच, ती आधीच घरोघर फिरून मिटवलेली असते. साराने डोकं खाली घातलं आणि हळूच पेनाला टोपण लावलं.

ते टोपण मला सहन झालं नाही. मी उठले. खुर्ची मागे पडली, पडू दे. बर्फावर कुणी कुणाची ओकुसान नव्हती. पक अंगावर येत असताना लगदा विभागाच्या ओनो-सानची ओकुसान, डावीकडे बघा हो, असं म्हणत बसलं तर गोल होऊन जातो. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात आम्ही एकमेकींची आईबापांनी ठेवलेली नावं विचारून घेतली होती, आणि कित्येकींना ती स्वतःच्याच तोंडाला अनोळखी वाटली होती. गोलकीपर मी. सगळं मैदान मला एकटीला दिसायचं. ओरडायचं काम माझं.

“तोशिए!” मी ओरडले. तशीच, पोटातून.

“हाय!” तोशिए ओरडली. इथे शाळेत हजेरीला मुलं ‘हाय’, म्हणजे हजर, अशी ओ देतात तशी. किटली हातात, चहा जमिनीवर. तिने ओरडायचं ठरवलं नव्हतं हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. आधी ओ दिली, मग तिला कळलं, आणि मग किटली टेबलावर ठेवून ती ताठ उभी राहिली. हामानो-सान आपल्या बायकोकडे बघत होते. खूप दिवसांनी बघत असावेत.

“फुसाए!” दाराजवळून एक बारीक “हाय” आला. “कियोको!” चहाचे पेले गोळा करणारी कियोको वळली आणि तिने हात वर केला. कंपनीच्या संघात बचावाला खेळलेला एक म्हातारा टेबलाच्या टोकाला होता, तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, “हा संघच होता. मी यांच्याशी एकदा खेळून हरलोय.” आणि लाजला. कुणी हसलं नाही.

हामानो-सानने घसा साफ केला. कारकुनाकडे न बघता ते म्हणाले, “शोवा ४८. तिसरी.” कारकुनाने तळाची पट्टी काढली आणि वर नेऊन लावली, आणि बाकीच्या सगळ्या एकेक घर खाली सरकवत बसला. साराने टोपण काढलं आणि कागदावर रविवार लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, लिहीतच राहिली.

यजमान माझ्याजवळ आले. “झालं ना तुझ्या मनासारखं?” ते मराठीत कुजबुजले. “बस आता. खाली बस. लोक बघताहेत.”

लोक बघत होते खरेच. त्यासाठीच मी उभी होते. अजून नावं राहिली होती. मी “सेत्सु” म्हणाले, आणि थांबले, कारण सेत्सु मागच्या वर्षी गेली. ओ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी थांबले. यजमानांनी माझ्या कोटाची बाही धरली, ती मी सोडवून घेतली. “युमिए.” ती मुलाकडे साप्पोरोला असते. थांबले. “हारू.” थांबले. दोघींची आणखी घेतली, तशीच थांबत थांबत.  शेवटचं नाव राहिलं, गोलकीपरचं. ते पुकारायला त्या खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मीच पुकारलं, “सरोजिनी!” आणि मीच ओ दिली.